पीप साइटचा गोल झालेला स्क्रू, आत लाल लॉकटाइट: ड्रिल मारण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीसाठी दहा मीटरवरच्या नेमबाजीची एअर रायफल घेतली, आधी दुसऱ्याने वापरलेली. तिच्या डोळ्याच्या अंतराप्रमाणे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, रायफलीवरच्या पट्टीवर थोडी मागे सरकवायची आहे. साइट आवळणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक सुटला, दुसऱ्याचं एलन कीचं, म्हणजे षटकोनी किल्लीचं, भोक गोल झालं. आधीच्या मालकाला फोन केल्यावर कळलं की त्याने साइट हलू नये म्हणून लाल लॉकटाइट, म्हणजे स्क्रूचे आटे पकडून ठेवणारा डिंक, घातलं होतं. शेजारचा वर्कशॉपवाला म्हणतो, ड्रिल मारून पाच मिनिटांत काढून देतो. स्पर्धा तोंडावर आहे, तर त्याला मारू द्यावं का?

लगेच नको. ड्रिलची वेळ येईलही कदाचित, पण तो शेवटचा उपाय आहे आणि तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात. मी कोल्हापुरात टूलरूममध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि गेली बरीच वर्षं क्लबमधल्या मुलांच्या रायफली माझ्या टेबलावर येतात. साइट, दस्ता, बट प्लेट, चीक पीस यांचे स्क्रू हे माझं काम. व्हॉल्व्ह आणि चाप यांना मी हात लावत नाही, ते कंपनीच्या माणसाकडे जातं. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतल्यापासून नव्याने नेमबाजीकडे वळलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे जास्त दिसतात. नवीन मॅच रायफल घेणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून वापरलेल्या रायफली फिरतात आणि त्यांच्याबरोबर आधीच्या मालकांचे उद्योगही फिरतात. अडकलेला साइटचा स्क्रू हा त्यातला नेहमीचा प्रकार.

आधी एक हद्द आखून घेतो. मी लिहितोय ते फक्त एअर रायफलच्या साइट आणि दस्त्यापुरतं. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. पण पॉइंट टू टू किंवा दुसरं कुठलंही काडतुसाचं हत्यार असेल तर ते १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं आणि त्याची दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडेच करायची. शेजारच्या वर्कशॉपमध्ये ते न्यायचंच नाही, स्क्रू कितीही साधा असो.

आता कामाला लागण्याआधी रायफल मोकळी करा. ब्रीच, म्हणजे छर्रा घालायची मागची जागा, उघडून आत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग घालून ठेवा. तुमची रायफल दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली असेल तर सिलिंडर फिरवून काढा आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. चारचाकीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. पुढे आपण उष्णता वापरणार आहोत आणि भरलेला सिलिंडर आणि उष्णता एका टेबलावर कधीच येता कामा नये. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, ज्याला माहीत आहे त्यालाही सांगतो.

मग साइटचा डोळ्याकडचा भाग, म्हणजे आयरिस (भोक लहान-मोठं करणारा भाग) आणि त्याचं रबर, काढून डबीत ठेवा. त्यातल्या काचा आणि प्लॅस्टिक उष्णतेला टिकत नाहीत. साइट सध्या पट्टीवर जिथे आहे तिथे बारीक पेन्सिलने रेघ मारून ठेवा. नंतर उपयोगी पडते.

आता खरा प्रश्न. लोक म्हणतात, स्क्रूचं डोकं गोल झालं म्हणून तो निघत नाही. खरं तर तो निघत नव्हता म्हणून डोकं गोल झालं. आत आट्यांमध्ये त्याला कशाने धरलंय हे आधी ठरवायचं, कारण प्रत्येक पकडीचं औषध वेगळं आहे. माझ्या टेबलावर तीन प्रकार येतात. एक, डिंकाने धरलेला. दोन, गंजाने किंवा क्षाराने धरलेला. तीन, नुसताच जास्त आवळलेला.

भिंग घेऊन स्क्रूच्या कडेला बघा. लाल किंवा निळी, नखाने खरवडली तर पापुद्र्यासारखी निघणारी रेघ दिसली तर डिंक. तपकिरी डाग म्हणजे पोलादाचा गंज. पांढरी भुकटी दिसली तर साइटच्या बुडाचं ॲल्युमिनियम खराब होतंय. स्टेनलेसचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा यांच्यात घामाचं खारट पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा क्षार फुगून आट्यांमध्ये दाटून बसतो. कोकणातून आलेल्या रायफलींमध्ये हे जास्त दिसतं, आणि गाल टेकतो त्या बाजूच्या स्क्रूमध्येही. काहीच दिसलं नाही, आणि किल्ली लावल्यावर ती जराशी पिळवटून परत मागे येत असेल, तर बहुधा तो नुसता प्रमाणाबाहेर आवळलाय.

तुमच्या बाबतीत आधीच्या मालकाने सांगितलंच आहे, तरी स्वतः बघा. मालक सांगतो एक आणि निघतं दुसरं, असं होतं. तुम्ही लिहिलंय की दोन दिवस डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं. गंज असता तर त्याचा थोडा उपयोग झाला असता. लॉकटाइटवर त्याचा काही उपयोग नाही. हा डिंक हवा बंद झाली आणि धातू लागला की घट्ट होतो, म्हणजे आट्यांमधली सगळी फट त्यानेच भरलेली असते. तेलाला आत शिरायला जागाच उरत नाही. उलट वरचं तेल आता पुसून काढावं लागेल. ते तापल्यावर धूर करतं आणि बिट घसरवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने स्वच्छ करा आणि वाळू द्या. ॲसिटोन वापराल तर बाटली बंद करून लांब ठेवल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका.

दुसरी गोष्ट, किल्ली. भोक का गोल झालं हे तपासा. मॅच रायफलींच्या साइट बहुतेक युरोपात बनतात आणि त्यांचे स्क्रू मिलिमीटरमध्ये असतात. पण माउंट किंवा साइट अमेरिकन असेल तर इंचातली किल्ली लागते. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. त्यात ३ मिलिमीटरची किल्ली जाते, छान बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की कोपरे खाऊन टाकते. शिवाय हातगाडीवरच्या सेटमधल्या किल्ल्यांची टोकं आधीच गोलावलेली असतात. किल्लीचं टोक ग्राइंडरवर दोन मिलिमीटर सपाट उडवलं, पाण्यात बुडवत बुडवत, की ताजे कोपरे मिळतात. भोक थोडंच गेलं असेल तर कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

तुमचं भोक फोटोवरून पूर्ण गोल दिसतंय. तिथे मी टॉर्क्स बिट, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचं बिट, ठोकतो. ३ मिलिमीटरच्या एलनमध्ये टी-१५, अडीचच्या एलनमध्ये टी-१०. ताऱ्याची टोकं गोल झालेल्या भिंतीत चावतात आणि नवी पकड तयार होते. बिट चांगल्या पोलादाचं घ्या आणि ते परत वापरायचं नाही असं धरून चला. ठोकताना रायफलीचं बॉडी बरोबर स्क्रूच्या खाली लाकडी ठोकळ्यावर टेकलेलं हवं, नळी किंवा दस्ता हवेत लोंबकळत नको. शंभर ग्रॅमची हातोडी, सरळ, लहान टोले. बिट तळाला लागलं की आवाज बदलतो, बोदा असतो तो टणक होतो. तिथे थांबा. त्या टोल्यांनी आट्यांनाही हादरा बसतो, तो फायद्याचाच आहे. आणि अजून फिरवायचं नाही.

आता उष्णता. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. निळा लॉकटाइट हाताच्या अवजाराने सुटावा म्हणूनच बनवलेला असतो. लाल तसा नसतो. त्याची पकड मोडायला आटे साधारण २५० अंशांच्या आसपास तापवून, गरम असतानाच फिरवावे लागतात. हे वाचून लोक थेट गॅसची बत्ती घेतात. तसं करू नका. साइटचं बूड आणि पट्टी ॲल्युमिनियमची असते, वर ॲनोडायझिंगचा रंग असतो. बत्तीने रंग जातो, आणि हे कडक केलेलं ॲल्युमिनियम दोनशेच्या वर जास्त वेळ तापलं तर कायमचं मऊ पडतं. पट्टी मऊ पडली की साइट पुढे कधीच घट्ट बसणार नाही. आपल्याला स्क्रू तापवायचाय, रायफल नाही.

त्यासाठी सोल्डरिंग आयर्न. पंचवीस वॉटचं नको, साठ वॉटचं, रुंद चपट्या टोकाचं. ॲल्युमिनियम उष्णता पोलादाच्या कितीतरी पट वेगाने ओढून नेतं, त्यामुळे लहान आयर्न तासभर धरलं तरी आटे कोमटच राहतात आणि सगळा ठोकळा मात्र तापत जातो. जास्त उष्णता, थोड्या जागेत, थोडा वेळ. टोकाला कथलाचा एक थेंब घ्या म्हणजे पूर्ण स्पर्श होतो, आणि ते ठोकलेल्या बिटच्या शेजारी स्क्रूच्या डोक्यावर टेकवून दाबून धरा. पट्टीवर आजूबाजूला ओलं फडकं गुंडाळलं तर उष्णता पसरत नाही. एका हाताने आयर्न, दुसऱ्या हातात बिटवर टी-हँडल तयार. माणूस मदतीला असेल तर उत्तम, तो रायफल धरेल.

दोन-तीन मिनिटांनी एक तिखट वास येतो, कधी स्क्रूच्या कडेने धुराची बारीक रेघ निघते. तो डिंक सैल पडतोय. आयर्न न उचलता हँडलवर हळूहळू जोर वाढवा, झटका नको. सुटताना कट्‌ असा आवाज येत नाही. घट्ट गुळाच्या पाकात चमचा फिरावा तसा तो जड-जड सरकतो. पाव फेरा बाहेर, जरासा आत, परत बाहेर. मध्येच थांबून चहा प्यायला गेलात तर थंड होऊन डिंक परत पकडतो, म्हणून पूर्ण निघेपर्यंत आयर्न लावूनच ठेवा. स्क्रू हातात घेताना पक्कड वापरा, तो चांगलाच तापलेला असतो. खोलीची खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकातोंडात घेण्यासारखा नाही.

पहिल्या वेळी हलला नाही तर? पूर्ण थंड होऊ द्या आणि परत तापवा. दर अंशाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं, एका मीटरमागे २३ मायक्रॉन विरुद्ध साधारण १२. त्यामुळे तापणं-निवणं या येरझाऱ्यांत दोन्ही धातू एकमेकांवर घासतात आणि पकड तुटत जाते. गंजाच्या आणि क्षाराच्या स्क्रूलाही हेच लागू आहे, फक्त तिथे निवताना कडेला पेनिट्रेटिंग तेलाचा थेंब सोडायचा, तो आत ओढला जातो. नुसत्या आवळलेल्या स्क्रूला बहुतेक वेळा उष्णता लागतच नाही, ठोकलेलं बिट आणि लांब हँडल पुरतं.

माझ्या अनुभवात डिंकाने धरलेले बहुतेक स्क्रू इथपर्यंत निघतात. तरीही नाहीच निघाला, किंवा बिटच आत मोडलं, तर ड्रिलची वेळ आली असं समजा. पण ड्रिल कसं मारायचं यावर सगळं अवलंबून आहे, आणि पाच मिनिटांत काढतो म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला इथेच काळजी वाटते. त्याच्या डोक्यात स्क्रू आरपार खणून काढणं आहे. आपल्याला फक्त डोकं उडवायचंय.

साइटचा जबडा, म्हणजे पट्टीला पकडणारा भाग, आणि स्क्रूचं डोकं यांच्यात ताण असतो. तो ताण गेला की आतला दांडा बऱ्याचदा बोटांनी किंवा लहान पकडीने फिरतो. एम-४ चा स्क्रू असेल तर दांडा ४ मिलिमीटरचा, म्हणून ४ चंच ड्रिल डोक्यात मधोमध घालायचं. एलनचं भोकच ड्रिलला वाट दाखवतं. ड्रिल डोक्याच्या उंचीइतकं गेलं की डोकं कडीसारखं सुटून ड्रिलवर येतं. तिथे थांबायचं. जबडा काढायचा, साइट बाजूला करायची, मग उरलेला दांडा उघडा पडतो. त्याला आयर्न लावून तापवायचं आणि पकडीने फिरवायचं. डाव्या फेऱ्याचं ड्रिल मिळालं तर आणखी चांगलं, ते कापताना स्क्रूला सुटण्याच्याच दिशेने ओढतं.

हे स्क्रू बहुधा १२.९ ग्रेडचे, म्हणजे कडक असतात. साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल त्यावर घसरतं, तापतं आणि धार घालवतं. कोबाल्टचं ड्रिल घ्या, कटिंग ऑइल वापरा आणि वेग कमी ठेवा. मिनिटाला दहा मीटर कापण्याचा वेग धरला तर ४ मिलिमीटरच्या ड्रिलला आठशेच्या आसपास फेरे होतात. हातातलं ड्रिल मशिन पूर्ण दाबलं तर याच्या कितीतरी वर जातं. म्हणून मी हे काम हातातल्या ड्रिलवर करतच नाही. रायफल दस्त्यातून काढून, मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये धरून, पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या ड्रिल मशिनवर, करतो. तुमच्या वर्कशॉपवाल्याकडे पिलर ड्रिल असेल आणि तो रायफल खोलून नीट बांधायला तयार असेल, तर त्याच्याकडून फक्त डोकं उडवून घ्या. उभ्या-उभ्या हाताने मारतो म्हणाला, तर रायफल घेऊन परत या. ड्रिल एकदा कडेला घसरलं की ते स्क्रू सोडून शेजारचं मऊ ॲल्युमिनियम खातं, आणि पट्टी ही बॉडीचाच भाग असली तर नवीन बॉडीपर्यंत खर्च जातो.

ड्रिल मारण्याआधी ब्रीच, नळीचं मागचं तोंड आणि छर्रा ठेवायची जागा टेपने पूर्ण बंद करा, वर ग्रीसचा थर द्या. पोलादाचा एक बारीक कण आत राहिला तर तो नळीतल्या खाचांमधून फिरतो. दहा मीटरवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे नळीवरचा एक ओरखडाही मोठा आहे.

बाजारात मिळणाऱ्या उलट्या आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरबद्दल तुम्ही विचारलंय. एम-५ च्या खालच्या स्क्रूला मी तो लावत नाही. तो निमुळता असतो, जितका आत शिरेल तितका स्क्रूला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे आधीच घट्ट आट्यांना आणखी घट्ट करतो. आणि तो इतका कडक आणि ठिसूळ असतो की बारीक मापाचा पटकन मोडतो. मोडला की त्यावर कुठलंच साधं ड्रिल चालत नाही, मग स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या, मशिनवरच न्यावं लागतं. व्हिडिओत तो फार सोपा दिसतो. मोठ्या बोल्टला ठीक आहे, साइटच्या स्क्रूला नको.

स्क्रू निघाल्यावर अर्धं काम राहिलेलं असतं. आट्यांमध्ये लाल पापुद्रे उरतात. ते लाकडी टूथपिकने आणि ब्रशने काढा, मग योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं अवजार) हाताने, अजिबात जोर न लावता फिरवा. आटे तोडायचे नाहीत, झाडून घ्यायचेत. जुना स्क्रू दिसायला चांगला असला तरी परत घालू नका. दोन्ही नवीन घाला, त्याच लांबीचे. लांब स्क्रू तळाला टेकतो आणि आवळल्यासारखा भास होतो, साइट मात्र सैलच राहते.

आवळण्याचं माप कंपनीच्या पुस्तिकेत असेल तेच घ्या. नसेल तर एम-४ ला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दीड ते दोन न्यूटन मीटरच्या वर मी जात नाही. लहान टॉर्क स्क्रूड्रायव्हर क्लबमध्ये एक तरी असावा, सगळे मिळून घेता येतो. तो नसेल तर एलन कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी आवळा, मुठीने नाही. आधी दोन्ही स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने, म्हणजे जबडा तिरका बसत नाही.

आणि लॉकटाइट? बहुतेक मॅच साइटना त्याची गरजच नसते. पट्टी आणि जबडा तेलमुक्त, स्वच्छ असले आणि स्क्रू मापात आवळले की साइट हलत नाही. आधीच्या मालकाची साइट हलत होती ती मला वाटतं पट्टीवरच्या तेलामुळे. तरीही मनाला शांतता हवी असेल तर निळा, एक थेंब, आट्यांच्या टोकाला. लाल लॉकटाइट रायफलीच्या कुठल्याही साइटवर मी घातलेला नाही आणि घालू देत नाही. मुलं वाढतात, त्यांची पोझिशन बदलते, साइट वर्षातून दोनदा तरी सरकवावी लागते.

आता स्पर्धेचं. साइट मागे सरकली की झिरो, म्हणजे साइटची जुळवलेली नेमाची जागा, बदलणारच, आणि मुलीची मान आणि गालाची जागाही थोडी बदलेल. पेन्सिलच्या रेघेमुळे आधीची जागा तुम्हाला माहीत आहे, म्हणजे नवीन जागा जमली नाही तर परत जाता येईल. स्पर्धेला आठवडा तरी शिल्लक असेल तर हे काम आत्ता करा. चार-पाच दिवसच उरले असतील तर स्क्रूला हात लावू नका. एक स्क्रू डिंकाने घट्ट आहे, म्हणजे साइट जागची हलणार नाही. सुटलेला दुसरा स्क्रू नवीन घालून मापात आवळा, मुलीला सवयीच्या जागेवरच खेळू द्या आणि स्पर्धा संपल्यावर सोल्डरिंग आयर्न बाहेर काढा. तारीख कळवा आणि स्क्रूच्या कडेचा जवळून फोटो टाका, डिंकच आहे की क्षार हे मी बघून सांगतो.